भाड्याची नौका आणि अनामत रक्कम

ग्रीसच्या आयोनियन समुद्रांत किंवा क्रोएशियाच्या किनाऱ्यावर शिडाची नौका आठवडाभर भाड्यानें घेऊन बेटांमागून बेटें पाहत हिंडणें, हा यूरोपांतील कुटुंबांचा आवडता उन्हाळी विहार होऊन बसला आहे. नौका खलाशांसह मिळते, तशीच नुसतीहि मिळते. नुसती घेतली म्हणजे भाडेकऱ्यांपैकींच एकजण तांडेल होतो. परवाना त्याचा, करारावर सही त्याची. आणि नौका परत करीपर्यंत तिच्या बऱ्यावाईटाचा जाबहि त्यालाच द्यावा लागतो.

“नौकेचा विमा उतरलेला आहे ना, मग भीति कसली?” असें पुष्कळांस वाटतें. ही समजूत अर्धीच खरी आहे. मालकानें घेतलेल्या विम्यांत नौकेचें नुकसान आणि तिऱ्हाइतास पोंचलेली इजा या दोन्ही बाबी बहुधा येतात. परंतु नौकेच्या प्रत्येक नुकसानीचा पहिला ठराविक भाग विमा कंपनी सोशीत नाहीं. तो भाडेकऱ्याच्या माथीं येतो, आणि सामान्यतः तेवढीच रक्कम अनामत म्हणून आधीं अडकवून ठेवली जाते. समजा, ती ३,००० यूरो आहे. धक्क्याला घासून ८०० यूरोंचें नुकसान झालें, तर ८०० कापून बाकी परत मिळते. खडकावर आदळून २०,००० यूरोंचा खर्च आला, तर ३,००० जातात आणि उरलेला भार विमा कंपनी उचलते.

मात्र तांडेल मद्य पिऊन सुकाणूस बसला, मनाई असलेल्या पाण्यांत नौका नेली किंवा परवानगीवांचून ती शर्यतीला लावली, तर हें संरक्षण निसटूं शकतें. घोर निष्काळजीपणा ठरला, कीं अनामतीपलीकडची भरपाईहि मागितली जाते. फाटलेलीं शिडें आणि हरवलेली लहान होडी यांविषयींचे नियम तर कंपनीगणिक निराळे! बारीक अक्षरांतील तीं पानें समुद्रावर जाण्यापूर्वींच वाचलेलीं बरीं.

अनामतीचा धोका कमी करण्याचे दोन मार्ग आहेत, आणि त्यांची गल्लत फार होते. पहिल्यांत नौका देणाऱ्या कंपनीलाच कांहीं शुल्क द्यावयाचें. तें परत मिळत नाहीं, पण अनामत पुष्कळ कमी होते. दुसऱ्यांत अनामत पुरी भरावी लागते. ती कापली गेली तर वेगळ्या विमा कंपनीकडून भरून मिळते. ज्याच्याजवळ रोकड बेताची, त्याला दुसऱ्या मार्गानें धक्क्यावरची अडचण टळत नाहीं. तांडेलाच्या व्यक्तिगत जबाबदारीचा विमा या दोहोंहून वेगळा, आणि मोठ्या संकटांत खरा उपयोगी तोच.

हिंदुस्थानांतील बँकेचें कार्ड वापरणाऱ्यानें एक चौकशी अवश्य करावी: रक्कम नुसती रोखून धरणार, कीं प्रत्यक्ष वसूल करून मागाहून परत करणार? दुसऱ्या प्रकारांत जातांना एक विनिमयदर आणि येतांना दुसरा; शिवाय बँकेचा आकार वेगळा. एक ओरखडाहि न पडतां पैसे घटतात तें असे.

नौका ताब्यांत घेतांना घाई करूं नये. बहुतेक करार शनिवारपासून शनिवारपर्यंत असतात. त्या दिवशीं दुपारीं धक्क्यावर एकच गर्दी, मुलें कंटाळलेलीं, आणि कंपनीचा माणूस यादीवर सही मागत उभा. तरीहि नांगराची सांखळी सोडून पाहावी, शिडें उलगडावीं, होडीचें यंत्र चालू करून पाहावें, आणि जुना ओरखडा दिसल्यास त्याचें छायाचित्र घेऊन यादींत त्याची नोंद करवावी. नोंद नसलेला ओरखडा आठवड्यानंतर भाडेकऱ्याचा ठरतो. पाण्याखालचा भाग वरून दिसत नाहीं. म्हणून परत आल्यावर पुष्कळ ठिकाणीं पाणबुड्या तळ व पंखा तपासतो. तळ कोठें टेकला असेल तर तें त्याच वेळीं कंपनीस कळवावें लागतें. लपवून ठेवल्यास विम्याचा दावाच अडचणींत येतो. शुक्रवारीं संध्याकाळीं बंदरांत परतावें म्हणजे ही तपासणी उजेडीं होते, आणि अनामत सुटल्याचा कागद हातीं घेऊनच शनिवारीं सकाळीं नौका सोडतां येते.