यमुनेची वाट

ऐतिहासिक कादंबरी म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे गड, बुरूज, घोडदौड आणि तलवारी उभ्या राहतात. देवासच्या वाचकाचे तर विचारूच नये. ज्या गावात पवारांच्या थोरल्या आणि धाकट्या पातीची दोन राज्ये देवीच्या एकाच टेकडीखाली १९४८ सालापर्यंत नांदली, तेथे इतिहास म्हणजे गादी, मोहीम आणि वारसा असे मनात बसून गेले, तर त्यात नवल नाही. मराठीतील पहिली ऐतिहासिक कादंबरी म्हणून गुंजीकरांच्या 'मोचनगडा'चा उल्लेख होतो. तीही नावाप्रमाणे गडाचीच. परंतु तिच्याही आधी, १८५७ साली, बाबा पदमनजी यांचे 'यमुनापर्यटन' प्रसिद्ध झाले. लिहिले तेव्हा ते वर्तमानाचे चित्र होते; आज त्याचा इतिहास झाला आहे. बरे जगणे शोधू पाहणाऱ्या एका तरुण स्त्रीच्या वाटेत काय काय आडवे येत असे, हे त्यात नोंदले गेले आहे. म्हणून मी या पुस्तकाकडे ऐतिहासिक कादंबरी म्हणूनच पाहतो.

कथा साधी आहे. यमुना ही शिकलेली, विचारी मुलगी. पती विनायकराव यांच्यासह ती प्रवासास निघते. ठिकठिकाणी तिला विधवा भेटतात, त्यांच्या कहाण्या कानी येतात. कोणाचे केशवपन झालेले, कोणी घरच्यांच्याच जाचाने पिचलेली. या दुःखांविषयी पतिपत्नी आपसांत बोलतात. आणि मग विनायकराव मृत्यू पावतात. जी इतरांची दुःखे ऐकत होती, ती स्वतःच त्या पंक्तीत जाऊन बसते. अखेरीस यमुना ख्रिस्ती होते आणि पुनर्विवाह करते.

हे पुस्तक प्रचारकी आहे, असा आक्षेप घेतला जातो. तो खोटा नाही. पदमनजी स्वतः १८५४ साली ख्रिस्ती झाले होते. जे दार त्यांना ठाऊक होते तेच त्यांनी नायिकेसाठी उघडले. परंतु उत्तर एकांगी आहे म्हणून प्रश्न खोटा ठरत नाही. पुस्तकाच्या आदल्याच वर्षी, १८५६ साली, विधवाविवाहाचा कायदा संमत झाला होता. कायद्याने विवाहास मान्यता दिली. पण त्या विवाहाला पंगतीस कोण बसणार, त्या जोडप्याला बिऱ्हाडास जागा कोण देणार, त्यांच्या मुलांच्या मुंजी कोण लावणार, हे कायदा कसा सांगणार? कायदा झाला तरी वाट मोकळी झाली नव्हती. म्हणूनच पदमनजींच्या यमुनेला आपला समाज सोडल्यावाचून संसार मिळाला नाही.

पुढे तीसएक वर्षांनी हरिभाऊ आपटे यांनी 'करमणूक' पत्रातून 'पण लक्षात कोण घेतो' क्रमशः लिहिली. तिची नायिकाही यमूच. पतीच्या मागे तिचे बळेच केशवपन होते, आणि त्या जाचातच तिचा अंत होतो. हरिभाऊंनी तिला कोणतेच दार दिले नाही, कारण सभोवतीच्या घरांत त्यांना ते दिसत नव्हते. एक यमुना घर सोडून जगली. दुसरी घरात राहून गेली.

तिसरी वाट कादंबरीकाराने दाखविली नाही. ती एका खऱ्या स्त्रीने चालून दाखविली. बालविधवा गोदूबाई १८८९ साली पंडिता रमाबाईंच्या शारदासदनात शिकावयास गेल्या आणि १८९३ साली धोंडो केशव कर्वे यांच्याशी त्यांचा पुनर्विवाह झाला. त्यांनी धर्म सोडला नाही, समाजही सोडला नाही. समाजाने मात्र त्यांना काही काळ सोडले. कर्व्यांच्या मुरूड गावाने त्यांच्यावर बहिष्कार घातला. परंतु १८९६ साली कर्व्यांनी अनाथ बालिकाश्रम काढला आणि गोदूबाईंसारख्या अनेकींना शिक्षणाचा आसरा मिळाला. नवी वाट कादंबरीत नुसती सुचवून भागत नाही. ती चालणाऱ्यासाठी कोणीतरी शाळा, वसतिगृह, चार माणसे उभी करावी लागतात.

आता आपल्या गावाकडे वळू. कोल्हापूरच्या शाहू छत्रपतींच्या कन्या अक्कासाहेब १९०८ साली थोरल्या पातीच्या तुकोजीराव महाराजांच्या राणी म्हणून देवासला आल्या. हा विवाह टिकला नाही. काही वर्षांनी त्या माहेरी परतल्या. त्या दरबारी राहून गेलेले इंग्रज कादंबरीकार फॉर्स्टर यांनी १९५३ सालच्या 'द हिल ऑफ देवी' या पुस्तकात तो सारा काळ रेखाटला आहे. राजवाड्यातील स्त्रीलाही दुःख चुकले नाही; पण तिला परत जाण्यास माहेर होते, आणि ते माहेर समर्थ होते. तिच्या वडिलांनीच १९१७ साली आपल्या संस्थानात विधवांच्या पुनर्विवाहाला कायद्याचा आधार दिला. ज्या यमूला असे माहेर नव्हते, तिचे काय झाले, हे हरिभाऊ सांगतात.

दख्खनेतून माळव्यात मराठी घरांत किती सुना आल्या असतील! त्यांच्या बैलगाड्यांचा मार्ग बखरीत नोंदलेला नाही. आपल्या घराण्यात सुभेदार कोण होता, हे आपण अभिमानाने सांगतो. पणजीने पुढे शिकण्याचा हट्ट धरला होता काय, धरला असेल तर तो कोणी मोडला, हे मात्र आपण विचारीत नाही.

श्रोतेहो, 'यमुनापर्यटन' हाती आले तर अवश्य वाचा. भाषा जुनी वाटेल, संवाद लांबलेले वाटतील. तरीही त्यातील तरुण स्त्रीचा प्रश्न ओळखीचा वाटल्यावाचून राहणार नाही. आणि पुस्तक मिटल्यावर घरातील सर्वांत वृद्ध स्त्रीजवळ क्षणभर बसून तिला विचारा, 'आजी, तुम्हांला काय व्हावयाचे होते?' उत्तर मिळेल तो आपल्या घरचा इतिहास. तो अजून लिहिला गेलेला नाही.