ताटातील अन्न आणि मोबाइलवरील नोंद

पिंपरीच्या संत तुकाराम नगरासारख्या कारखान्यांलगतच्या वसाहतीत घरोघरी पाळीचे वेळापत्रक चालते. पाळी पालटली की जेवणाची वेळही पालटते. रातपाळीच्या कामगाराने दिवसाकाठी काय आणि किती खाल्ले, हे त्याला व त्याच्या घरच्यांना सहसा सांगता येत नाही. हा हिशेब ठेवणारी ॲप्स आता मोबाइलवर उपलब्ध आहेत. मात्र त्यांतील आकडा येतो कोठून, हे जाणून घेणे अगत्याचे आहे.

मोबाइल अन्न मोजत नाही; तो तक्ता वाचतो. भारतीय अन्नपदार्थांच्या पोषणमूल्यांची पुस्तिका १९३७ साली कुन्नूरच्या प्रयोगशाळेतून डॉ. ॲक्रॉइड यांनी प्रसिद्ध केली. ती संस्था १९५८ साली हैदराबादला गेली आणि आज राष्ट्रीय पोषण संस्था म्हणून ओळखली जाते. तिच्या २०१७ च्या तक्त्यांत ५२८ पदार्थ आहेत. पण ते प्रामुख्याने कच्चे. ज्वारी, हरभरा डाळ तेथे सापडते. पिठले सापडत नाही. पिठल्याचा आकडा कृतीवरून अंदाजाने काढावा लागतो, आणि ती कृती आपल्या घरची नसते.

खरी गफलत तेलात होते. एक ग्रॅम स्निग्धांशातून नऊ उष्मांक मिळतात. फोडणीचे दहा ग्रॅम तेल नोंदवायचे राहिले, तर नव्वद उष्मांक हिशेबाबाहेर राहतात. याला साधा उपाय आहे. संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शनानुसार २००० उष्मांकांच्या आहारात २५० ग्रॅम धान्य, ८५ ग्रॅम डाळी व कडधान्ये आणि सुमारे २७ ग्रॅम तेल-तूप असावे. या मानाने चौघांच्या घरास महिन्याला सव्वातीन किलो तेल-तूप पुरते. किराणा दुकानाची पावती पाहिली की अंदाज येतो. ॲपची गरजही भासत नाही! घरातील वाटी एकदा वजन करून पाहिली, तर पुढील नोंदीही बऱ्याच खऱ्या होतात.

रातपाळीची अडचण निराळी. बहुतेक ॲप्सचा दिवस मध्यरात्री संपतो, त्यामुळे कँटीनमध्ये रात्री एक वाजता घेतलेले जेवण दुसऱ्या तारखेस पडते. अशा कामगाराने झोपेतून उठल्यापासून पुन्हा झोपेपर्यंतचा काळ एक दिवस धरावा.

अंगणवाडीतील नोंदीचे मोल याहून मोठे आहे. केंद्र शासनाचे पोषण ट्रॅकर २०२१ साली सुरू झाले. त्याच वर्षी महाराष्ट्रातील अनेक सेविकांनी नादुरुस्त मोबाइल शासनास परत केले. ॲप इंग्रजीत असल्याची तक्रारही त्यांनी केली. ती रास्त होती. पुढे ते मराठीसह इतर भारतीय भाषांत आले. तेथे उंची-वजनावरून बालकाचे कुपोषण ठरते. काटा अर्धा किलो अधिक दाखवीत असेल, तर अशक्त मूल सुदृढांच्या यादीत जाते आणि त्याच्या वाट्याचा विशेष उपचार मागे पडतो. म्हणून पंचायत सदस्यांनी अंगणवाडीस भेट देताना मोबाइल पाहण्यापूर्वी रिकामा काटा शून्यावर येतो काय, हे पाहावे.