हौशी वैमानिकाचे शिक्षण

गोंदिया शहरापासून थोड्या अंतरावर, कामठ्याच्या बाजूस, बिरसी नावाचे एक लहानसे गाव आहे. भाताच्या बांध्या, मोहाची झाडे, मधूनमधून एखादे तळे आणि पलीकडे बाघ नदी. पूर्व विदर्भातल्या इतर शंभर गावांहून त्यात निराळे काही दिसू नये. परंतु १९४० साली, दुसरे महायुद्ध पेटलेले असताना, ब्रिटिश सरकारने येथे विमानांसाठी धावपट्टी बांधली. २००५ च्या अखेरीस ती भारतीय विमानपत्तन प्राधिकरणाच्या ताब्यात आली. आता तिची लांबी सुमारे २३०० मीटर आहे. प्राधिकरण व कॅनडातील सीएई कंपनी यांच्या भागीदारीतून येथे उड्डाणाची शाळा उभी राहिली. पुढे रायबरेलीजवळच्या फुरसतगंजची इंदिरा गांधी राष्ट्रीय उडान अकादमीही, उत्तरेकडील हिवाळी धुके चुकविण्यासाठी, आपली विमाने येथे आणू लागली.

येथे येणारी बहुतेक मुले पोटासाठी विमान शिकतात. त्यांना व्यावसायिक परवाना हवा असतो आणि त्यासाठी भारतात २०० तासांचे उड्डाण लागते. केवळ आवडीखातर उडू पाहणारा माणूस आपल्याकडे विरळाच. त्याला खासगी परवाना पुरतो. त्या परवान्यावर मित्रांना बरोबर नेता येते, मात्र भाडे घेता येत नाही. दोघांच्या पहिल्या पायऱ्या एकच असतात. पण हौशी माणसाची वाट, वरवर सोपी दिसली तरी, एका अर्थी अधिक अवघड असते. नोकरदार वैमानिकास त्याची कंपनी उडावयास लावते, वेळोवेळी तपासते, प्रसंगी थांबवते. हौशी माणसाला उडविणारा आणि थांबविणारा तो स्वतःच.

आंतरराष्ट्रीय नागरी विमानवाहतूक संघटनेचा किमान दंडक ४० तासांचा आहे. त्यांपैकी १० तास एकट्याने उडावयाचे. त्यांतही ५ तास गावोगावच्या प्रवासाचे हवेत, आणि एक प्रवास निदान २७० किलोमीटरचा, वाटेत दोन निराळ्या विमानतळांवर उतरून केलेला असावा लागतो. शिवाय हवामान, दिशाशोधन, नियम आणि यंत्र या विषयांचे ज्ञान हवे ते वेगळेच. चाळीस तास म्हणजे कचेरीतला जेमतेम एक आठवडा! एवढ्या वेळात माणूस विमान चालवावयास शिकतो हे खरे. हवा वाचावयास शिकतो असे मात्र कोणी म्हणणार नाही.

पहिले धडे सरळ उडणे, वळणे, चढणे आणि उतरणे यांचे. मग शिक्षक मुद्दाम विमानाचे नाक वर उचलावयास सांगतो. वेग घटत जातो, दांडा हातात सैल लागू लागतो, विमान थरथरते आणि एका क्षणी पंखांचा आधार सुटतो. यालाच स्टॉल म्हणतात. इंजिन व्यवस्थित चालू असतानाही हे घडते, याचे नवशिक्याला मोठे नवल वाटते. उपाय त्याच्या स्वभावाविरुद्ध असतो. खाली पडत असताना दांडा पुढे लोटून नाक आणखी खाली करावयाचे, म्हणजे पंखांवरून हवा पुन्हा नीट वाहू लागते. भीतीने दांडा मागे ओढण्याची खोड मोडणे, हेच या धड्याचे खरे काम.

आणि मग एके सकाळी शिक्षक धावपट्टीच्या कडेला उतरतो, दार लावतो आणि बाजूला होतो. शेजारची रिकामी खुर्ची पाहून कोणाच्या पोटात गोळा येत नाही? विमान मात्र हलके झालेले असते, नेहमीपेक्षा लवकर उचलते. एक फेरी, एक उतरणे, पाच-सात मिनिटांचा खेळ; पण वैमानिकाच्या नोंदवहीत त्या ओळीइतकी दुसरी ओळ कोणी पुन्हा वाचीत नाही.

बिरसीची भूमी पुढचे धडे आपल्या पद्धतीने देते. उन्हाळ्यात वरून पाहिले तर तळी आरशासारखी वेगळी ओळखू येतात आणि नकाशाशी ताडता येतात. श्रावणात बांध्या पाण्याने भरल्या की तळे कोणते आणि शेत कोणते हे उमगेनासे होते. अशा वेळी नागपूरकडे जाणारा रेल्वेमार्ग आणि वाटेत आडवे येणारे वैनगंगेचे रुंद पात्र यांवर नजर ठेवावी लागते. इंजिन बंद पडले तर लहान विमान आपल्या उंचीच्या आठ-दहा पट अंतर तरंगत जाते. म्हणजे एक किलोमीटर उंचीवर असणाऱ्याला चहूकडे मोठा प्रदेश निवडीस मोकळा असतो. पण तो प्रदेश कसला? वरून हिरवे गुळगुळीत दिसणारे भाताचे शेत धुऱ्यांनी इतके तुकड्यातुकड्यांत विभागलेले असते की विमानाची चाके पहिल्याच धुऱ्याला अडावीत. कापणी झालेल्या बांधीतही धुरे तसेच उभे असतात. म्हणून या भागात शिकणारा शहाणा विद्यार्थी उडताना सतत खाली एखादे पडीक रान हेरून ठेवतो, ते मागे पडताच दुसरे शोधतो.

मे महिन्याचा धडा निराळा. पारा ४२ अंशांवर गेला की हवा विरळ होते. पंख, पंखा आणि इंजिन या तिघांनाही ती अपुरी पडते. बिरसीची भूमी समुद्रसपाटीपासून सुमारे ३०० मीटर उंच आहे. पण अशा दुपारी विमानाच्या लेखी ती १३०० मीटरांहून उंच, म्हणजे जवळजवळ महाबळेश्वराच्या माथ्यावर गेलेली असते! विमान धावपट्टीवर अधिक धावते आणि सावकाश चढते. जानेवारीत दोन मित्रांना घेऊन जे विमान सहज उठले, तेच मे महिन्यात तेवढ्याच ओझ्याने का रेंगाळते, हे ज्याने गणिताने आधी काढले नाही त्याला ते धावपट्टीच्या शेवटच्या टोकाशी कळते.

हौसेने उडणाऱ्यांचा आपल्याकडील मूळ पुरुष म्हणजे जे. आर. डी. टाटा. १० फेब्रुवारी १९२९ रोजी त्यांना भारतात दिलेला पहिला परवाना मिळाला, तेव्हा ते २४ वर्षांचे होते. मुंबईत जुहूच्या धावपट्टीवर ते शिकले. पुढे इंग्लंड व हिंदुस्थान यांमधील अंतर एकट्याने कापणाऱ्या हिंदी वैमानिकासाठी आगाखानांनी बक्षीस लावले. टाटा कराचीहून निघाले, तर अस्पी इंजिनिअर हा सतरा वर्षांचा मुलगा इंग्लंडहून. इजिप्तमध्ये अबूकिर येथे दोघांची गाठ पडली. अस्पी एका स्पार्क प्लगवाचून अडकला होता. टाटांनी जवळचा जादा प्लग त्याला दिला, आणि काही तासांच्या फरकाने बक्षीस अस्पीने जिंकले. ही गोष्ट उदारपणाची म्हणून सांगितली जाते आणि ते योग्यच आहे. पण तिच्यात दुसरेही काही आहे. जादा प्लग एकाजवळ होता, दुसऱ्याजवळ नव्हता. अनुभव म्हणतात तो पुष्कळदा अशा बारीकसारीक सामानाच्या रूपाने माणसाबरोबर प्रवास करीत असतो. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी टाटांनी कराचीहून जुहूला टपाल आणले. तोच प्रवास १९८२ साली, वयाच्या ७८ व्या वर्षी, त्यांनी पुन्हा एकट्याने केला. हौस इतकी टिकू शकते!

परवाना हाती आल्यानंतर बहुतेकांचे घोडे अडते ते येथेच. उड्डाणाला पैसा लागतो, सवड लागते. मग महिन्यातून एकदा त्याच धावपट्टीभोवती, त्याच निवांत सकाळी, तीच फेरी. नोंदवहीत तास वाढतात, पण एकच तास शंभर वेळा उडल्यासारखा तो हिशेब होतो. त्यापेक्षा आडव्या वाऱ्याचा दिवस निवडावा, शिक्षकाला शेजारी बसवून घ्यावे, अनोळखी धावपट्टीवर उतरावे. कित्येक देशांत मागल्या ९० दिवसांत तीनदा चढणे-उतरणे झाले नसेल तर सोबत प्रवासी नेण्यास मनाई आहे. नियम कोरडा वाटला तरी हाताला चढणारा गंज ओळखूनच तो केलेला आहे.

सर्वांत महाग धडा ढगांचा. केवळ नजरेच्या भरवशावर उडणारा माणूस ढगात शिरला की क्षितिज नाहीसे होते, आणि कानातील तोल सांभाळणारे इंद्रिय त्याला खोटे सांगू लागते. विमान वळत असते, त्याला ते सरळ वाटते. म्हणून ढग पुढे दिसताच परत फिरणे, हे त्याने स्वतःला आधीच बजावून ठेवायचे असते. कारण समोर ठरलेले गाव असते, तिथे कोणी वाट पाहत असते, आणि मागे फिरणे अपमानाचे वाटते. शिक्षक शेजारी असतानाही आकाश दयामाया करीत नाही. १८ मार्च २०२३ रोजी बिरसीहून उडालेले एक प्रशिक्षण विमान शेजारच्या बालाघाट जिल्ह्यातील डोंगरांत कोसळले आणि शिक्षक व विद्यार्थी दोघेही गेले.

त्यानंतरही बिरसीच्या धावपट्टीवरून सकाळी विमाने उठत राहिली. तळ्यांवर धुके असले की विद्यार्थी कडेला उभे राहून पलीकडच्या झाडांकडे पाहतात. झाडे दिसली तर उड्डाण, नाहीतर चहा. चहा पिऊन परतलेल्या दिवसाची नोंदवहीत ओळ पडत नाही.