शिसवीचा दस्ता
(गणेशोत्सवातील व्याख्यानाचा मजकूर)



गणपतीसमोर बंदुकीवर बोलतो म्हटल्यावर आपल्या अध्यक्षांनी आधी कपाळाला आठ्याच घातल्या. मी म्हटलं, शिकारीवर नाही, कारागिरीवर बोलतो. बाप्पाच्या हातातले परशू आणि अंकुशसुद्धा कुणा लोहारानं घडवलेच असतील ना! तेव्हा कुठं होकार मिळाला.

गोष्ट 1964-65 च्या सुमाराची. मी शाळेत होतो. आमच्या भागातल्या एका मोठ्या घरात निजामाच्या काळापासून एक विलायती रायफल होती. रानडुकरं उसात शिरली की ती बाहेर निघायची. एकदा बैलगाडीतून पडली आणि तिचा लाकडी दस्ता मोडला. दुरुस्तीला हैदराबादला कोण नेणार? गावातल्या सुतारमामांना बोलावलं. तिफण, कुळव, दाराच्या चौकटी यांत त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. त्यांनी वाळलेली शिसव निवडली आणि महिनाभर खपून दस्ता केला. लोखंड लाकडात असं बसवलं की मध्ये केससुद्धा जाऊ नये. सगळं गाव बघायला आलं होतं, मीही होतो.

तिसऱ्या बाराला दस्ता मागून उभा तडकला.

मालक चारचौघांत बोलले, "तिफण करणाऱ्यानं तिफणच करावी." त्या साली सुतारमामांचं बलुतंही त्या घरातून कमी आलं. मामांनी पुन्हा त्या वाड्याची पायरी चढली नाही.

पुढं मी फिटर झालो आणि नोकरीची पहिली काही वर्षं हैदराबादेत बंदुका दुरुस्त करणाऱ्या एका उस्तादांच्या हाताखाली काढली. तिथं मला त्या तड्याचं कारण कळलं. ते सांगायचं तर आधी ही वस्तू कशी बनते ते सांगायला हवं.

बोल्टची रायफल म्हणजे दाराची सरकती कडी समजा. कडी उचला, मागं ओढा, पुढं ढकला, खाली पाडा. पुढं ढकलताना काडतूस नळीत जातं आणि कडी पाडली की बोल्टच्या तोंडाशी असलेले दोन जाड कान पोलादाच्या खाचेत अडकतात. बाराचा सगळा दाब त्या दोन कानांवर. जर्मनीत ओबर्नडॉर्फ गावच्या पॉल माउझरनं ही यंत्रणा 1898 साली जी पक्की केली, तिच्यावर आजही कारागीर शिकारी रायफली बांधतात. तिचा एक पंजा काडतुसाला पेटीतून सुटताक्षणीच पकडतो आणि नळीत पोचेपर्यंत सोडत नाही. समोर वाघ असताना काडतूस अडकून चालत नाही, म्हणून शिकाऱ्यांचा तिच्यावर भरवसा. जिम कॉर्बेटच्या शिकारकथा आपल्यातल्या पुष्कळांनी मराठीतून वाचल्या असतील. 1907 साली चंपावतची नरभक्षक वाघीण मारल्यावर त्याला भेट मिळालेली रायफल लंडनच्या रिग्बी कंपनीची, पण तिची यंत्रणा माउझरचीच.

लंडन, बर्मिंगहॅम, जर्मनीतलं झूल, ऑस्ट्रियातलं फेर्लाख ही या कामाची गावं. यंत्रणा कारखान्यातून येते, पण तिथून पुढं कानस आणि पटाशी. ते दोन कान बारीक भुकटीनं घासून घासून सारखे टेकवतात. एकच कान टेकला तर सगळा भार त्याच्यावर येतो. दस्त्याला अक्रोडाचं लाकूड, तेही कित्येक वर्षं सुकवलेलं. मुठीच्या ठिकाणी धागा सरळ मुठीतून गेला पाहिजे, आडवा गेला की तिथंच मोडतं.

आणि मग काजळी. लोखंडाला काजळी फासायची, लाकडात दाबायचं, उचलायचं. जिथं काळा डाग उमटला तिथं अगदी पापुद्र्याएवढं खरवडायचं. पुन्हा काजळी, पुन्हा दाबणं. असं शेकडो वेळा. वरून जवसाचं तेल तळहातानं जिरवायचं, रोज थोडं, कित्येक आठवडे. आपल्या शेतातलं जवस हो! आमच्या उस्तादांच्या तळव्याला त्या तेलाचा वास कायमचा बसला होता.

नळीचा काळानिळा रंगही रंग नसतो, तो गंज असतो. मुद्दाम गंजवायचं, पाण्यात उकळायचं, तांबडा गंज काळा होतो, तो घासायचा आणि पुन्हा गंजवायचं. हे ऐकून बिदरच्या मंडळींना आपली बिदरी आठवेल. जस्त आणि थोडं तांबं यांचं ओतकाम, त्यात चांदीची तार ठोकून बसवलेली. शेवटी किल्ल्यातली माती आणि नवसागर लावलं की धातू काळाभोर होतो आणि चांदी मात्र पांढरी राहते. बिदरीचे कारागीर शाह रशीद अहमद कादरी यांना 2023 साली पद्मश्री मिळाली, तेव्हा मला उस्तादांची फार आठवण झाली. तिकडं लोखंड काळं करतात, इकडं जस्त. पण कुठं थांबायचं हे दोघंही डोळ्यानंच ठरवतात.

आता तो तडा. बार झाला की यंत्र जोरात मागं येतं. तो धक्का घ्यायला यंत्राच्या पुढच्या बाजूला, खालून, पोलादाचा एक आडवा टेकू असतो. तो लाकडाला घट्ट, पूर्ण टेकलेला हवा. पण यंत्राच्या मागच्या टोकाला एक पोलादी शेपटी असते, तिच्या मागं मुद्दाम कागदाएवढी फट सोडतात. फट नसेल तर प्रत्येक बाराला ती शेपटी पाचरीसारखी लाकडात घुसते. लाकूड फाडायला पाचरच ठोकतात, हे सुताराला सांगायला नको. मामांनी सगळीकडे सारखंच घट्ट बसवलं होतं. त्यांचं काम कच्चं नव्हतं, उलट एका जागी गरजेपेक्षा जास्त पक्कं होतं!

लंडनच्या बंदूक बनवणाऱ्यांच्या संघाला 1637 साली सनद मिळाली. नळी जादा दारूचा बार भरून उडवून बघायची आणि टिकली तरच छाप मारायची, हा त्यांचा नियम. बर्मिंगहॅमला त्यासाठी 1813 साली वेगळं घरच उभं राहिलं. दस्ता करणारालाही आपला दस्ता बाराला कसा वागतो ते कळतं, चूक त्याच्याकडेच परत येते आणि दुसऱ्या दस्त्यात सुधारते. मामांना दुसरा दस्ता करायला मिळालाच नाही. 1972 साली वन्यजीव कायदा आला, शिकार बंद झाली, ते योग्यच झालं. ती रायफलही पुढं जमा झाली म्हणतात.

मी सुटीवर गावी आलो तोवर मामा गेले होते. त्यांचा मुलगा ओसरीवर दाराची फळी रंधत होता. मी पेन्सिलीनं त्या फळीवरच शेपटी, टेकू आणि फट काढून दाखवली. तो बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "दादा, पावसाळ्यात फुगतं म्हणून दाराला आम्ही फट ठेवतोच की. बाबांना ठाऊक नव्हतं असं कसं म्हणता? पण दाराला धक्का पाण्याचा असतो. बंदुकीचा धक्का किती, ते बघायला त्यांना कुणी हातात देऊन एक बार तरी उडवू दिला होता का?"