युद्धपट आणि सत्य



सर्वांत वास्तव युद्धपट कोणता, हा वाद घरोघरी रंगतो. कोणी ‘बॉर्डर’चे नाव घेतो, कोणी ‘हकीकत’चे. परंतु हा निवाडा तोफांच्या गडगडाटावरून होणे नाही.

‘बॉर्डर’ (१९९७) पाहा. डिसेंबर १९७१ मध्ये लोंगेवाला येथे मेजर कुलदीपसिंग चांदपुरी यांच्या तुकडीने शत्रूचे रणगाडे रात्रभर रोखले. उजाडताच वायुदलाच्या हंटर विमानांनी त्यांचा फडशा पाडला. हा गाभा खरा आहे. मात्र चित्रपटात धारातीर्थी पडलेले सीमा सुरक्षा दलाचे भैरोसिंग राठोड प्रत्यक्षात २०२२ पर्यंत हयात होते! हौतात्म्याच्या दृश्याने प्रेक्षकांचे डोळे पाणावले. पण ज्याच्यासाठी ते पाणावले, तो वीर जिवंत आहे याची किती जणांना जाणीव होती?

चेतन आनंद यांचा ‘हकीकत’ १९६४ चा. १९६२ ची जखम तेव्हा ओलीच होती. त्यात प्रेमकथा आहे, गाणी आहेत. रणनीतीचे बारकावे थोडे. तरीही लडाखचे उजाड डोंगर, अपुरी शस्त्रे आणि माघार घेणाऱ्या जवानांची घालमेल त्याने लपविली नाही. विजयाचा चित्रपट कोणीही काढील; पराभवाकडे डोळे उघडून पाहण्यास धैर्य लागते. म्हणूनच वास्तवाच्या कसोटीवर ‘हकीकत’चे पारडे जड ठरते.

युद्धपट मुलांना अवश्य दाखवावेत. मात्र पडदा पडल्यावर ‘यातले खरे किती?’ हा प्रश्नही घरात विचारला जावा. सैनिकाच्या पराक्रमाला अतिशयोक्तीचे अलंकार लागत नाहीत.