पोटात पाय असलेला जीव



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण येथे जमलो आहोत, ते व्याकरणाच्या तासाला ‘गोगलगाय अन् पोटात पाय’ ही म्हण फळ्यावर लिहून तिचा अर्थ विचारीत. आमचे उत्तर ठरलेले असे : वरून गरीब, आतून लबाड. पुढे प्राणिशास्त्राच्या एका सहकाऱ्याने मला सांगितले की, शास्त्रात या वर्गास ‘उदरपाद’ म्हणतात. म्हणजे पोटाशीच पाय असलेला. म्हणीतील निरीक्षण अचूक होते. लबाडीचा आरोप तेवढा आपण पदरचा जोडला!

आज मी बोलणार आहे ते दक्षिण पॅसिफिक महासागरातील ताहिती व मोरेआ या बेटांवरील ‘पार्टुला’ नावाच्या गोगलगायींविषयी. बोटाच्या पेराएवढ्या, अरण्यातील झाडाझुडपांवर राहणाऱ्या, कुजकी पाने, बुरशी व शेवाळ यांवर गुजराण करणाऱ्या. एका वेळी एकच पिलू जन्मास घालणाऱ्या. आपल्याकडे बारा कोसांवर भाषा बदलते म्हणतात. तेथे डोंगराची एक सोंड ओलांडली की शंखाचा रंग बदलतो, क्वचित पीळही डावीकडून उजवीकडे वळतो. हेन्री क्रॅम्प्टन या अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञाने खोरी तुडवून हे भेद टिपले. मोरेआवरील त्यांचा ग्रंथ 1932 साली प्रसिद्ध झाला.

1967 मध्ये ताहितीत खाण्यासाठी म्हणून आफ्रिकेची राक्षसी गोगलगाय आणली गेली. ही आपल्याला अपरिचित नाही. 1847 साली बेन्सन नावाच्या गृहस्थाने ती मॉरिशसहून कलकत्त्यास आणली आणि 2022 च्या खरिपात लातूर-धाराशिवच्या शेतकऱ्यांच्या कोवळ्या सोयाबीनचा तिने फडशा पाडला. ताहितीतही तिने पिके खाल्ली. तेव्हा तिच्या बंदोबस्तासाठी फ्लोरिडाकडची एक मांसाहारी गोगलगाय आणण्यात आली : ताहितीत 1974 ला, मोरेआत 1977 ला. हेतू चांगला होता, हे मी मुद्दाम सांगतो. परंतु या शिकाऱ्याला राक्षसीणीपेक्षा चिमुकली पार्टुला सोपी वाटली. अवघ्या दहा वर्षांत, 1987 पर्यंत, मोरेआच्या रानातील सातही जाती नाहीशा झाल्या. त्यांच्या शंखांच्या माळा ओवणाऱ्या तेथील स्त्रियांच्या हातचे कामही गेले.

उरल्या त्या संशोधकांनी वेळीच उचलून नेलेल्या मूठभर. परदेशच्या प्राणिसंग्रहालयांत, प्लॅस्टिकच्या डब्यांत, पिढ्यामागून पिढ्या त्या जपल्या गेल्या. सगळ्या वाचल्या नाहीत. शेजारच्या रायातेआ बेटावरील ‘टुर्जिडा’ जातीची अखेरची गोगलगाय 1996 साली लंडनच्या संग्रहालयात मरण पावली. एक संपूर्ण जात एका डब्यात संपली. त्या दिवशी डबा स्वच्छ करणाऱ्याच्या मनात काय आले असेल, असा विचार माझ्या मनात वारंवार येतो.

2015 पासून उरलेल्यांना स्वगृही सोडण्यास प्रारंभ झाला. ओळख पटावी म्हणून प्रत्येकीच्या शंखावर रंगाचा ठिपका देतात. रात्री विजेरी घेऊन माणसे झाडांची पाने उलटून ठिपके मोजतात. वर्षानुवर्षे हेच काम. आणि 2024 मध्ये मोरेआच्या रानात ‘पार्टुला तोहिवेआना’ या जातीच्या पूर्ण वाढलेल्या गोगलगायी सापडल्या, त्यांच्या शंखावर ठिपका नव्हता. त्या तेथेच जन्मल्या होत्या.