खाज पायाला, कारण पोटात

दुपारची वेळ आहे. कुणी लसूण सोलत असाल, कुणी शिलाई मशीनवर बसला असाल. हातातलं काम चालू राहू द्या आणि ऐका.

दौंड तालुक्यातल्या एका बचत गटाच्या बैठकीला गेले होते. हप्ते गोळा झाले, वहीवर सह्या झाल्या. मग एका ताईंनी पिशवीतून दोन वस्तू काढून सतरंजीवर ठेवल्या. एक खाजेच्या मलमाची ट्यूब आणि एक रक्त शुद्ध करणाऱ्या औषधाची बाटली. म्हणाल्या, "मॅडम, उसाच्या खुरपणीपासून पायाला खाज सुटलीय. जाऊबाई म्हणतात पोटात उष्णता झालीय. दुकानदाराने हे दिलं. आधी कुठलं घेऊ?"

मी म्हटलं, दोन्ही पिशवीत ठेवा, आधी खुरपताना पायात काय घालता ते सांगा. ताई हसल्या. "काय घालणार? ओल्या रानात चप्पल चिखलात रुतून बसते."

जाऊबाईंचं एक बरोबर होतं. पोटाचा आणि कातडीचा संबंध आहेच. पण तो उष्णतेचा नव्हे. तो कसा असतो, तेच आज सांगायचं आहे.

जंतांचा एक प्रकार आहे, अंकुशकृमी. डॉक्टर त्याला हुकवर्म म्हणतात. तो बहुतेक वेळा पायाच्या कातडीतून येतो. ज्याच्या पोटात हा जंत आहे तो माणूस उघड्यावर शौचाला बसला की विष्ठेतून त्याची अंडी मातीत पडतात. माती ओली, उबदार आणि सावलीची असली तर आठ-दहा दिवसांत अंड्यातून निघालेली अळी कातडीत शिरण्याइतकी तयार होते. डोळ्याला ती दिसत नाही. अनवाणी पाय पडला की बोटांच्या बेचक्यातून किंवा तळव्यातून आत घुसते. तिथे लाल बारीक पुळ्या येतात आणि खाज सुटते.

पुढे ती रक्तातून फुप्फुसात जाते, तिथून घशात येते, आपण ती गिळतो आणि ती आतड्यात पोचते. पाच-सहा आठवड्यांत तिचा जंत होतो. लांबी जेमतेम एक सेंटिमीटर. आतड्याला चिकटून तो रक्त पितो आणि काही वर्षं तिथेच राहतो.

आता आपल्या भागाचा विचार करा. दौंडकडे खडकवासल्याच्या कालव्याचं पाणी आलं, शिरूरकडे चासकमान आणि घोडचं आलं. ऊस उभा राहिला. उसात सावली आणि ओल दोन्ही असते, आणि आडोसा मिळतो म्हणून माणसं तिथेच शौचाला जातात. या जंताला याहून सोयीची जागा नाही.

ती पायाची खाज मलम न लावताही एक-दोन आठवड्यांत जाते. मलमाने बरं वाटलं असं समजून आपण विसरून जातो. जंत तोवर पोटाकडे निघालेला असतो.

पायाची प्रत्येक खाज जंताचीच असते, असंही नाही. बेचक्यातली कातडी पांढरी, भिजल्यासारखी होऊन सोलत असेल तर त्या चिखल्या. त्यांचं औषध वेगळं.

रक्त रोज थोडं थोडं गेलं की ते कातडीवर दिसायला लागतं. चेहरा, तळहात आणि खालच्या पापणीची आतली बाजू फिकी पडते. नखं ठिसूळ होतात, मधोमध चमच्यासारखी खोल जातात. तोंडाचे कोपरे चिरतात, केस गळतात. लोह कमी झालं तर अंगावर पुरळ नसतानाही खाज येते. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांना रक्तक्षय निघाला. सगळ्यांना जंतामुळे झाला असं नाही. पाळीत जास्त रक्त जातं, बाळंतपणं लागोपाठ होतात, आणि घरात सगळ्यांचं झाल्यावर उरलेलं आपण खातो. पण जंत असेल तर चांगलं खाल्लेलंही अंगी लागत नाही.

पोट आणि कातडीचं दुसरं नातं जेवणाचं. शिरूरच्या पाबळ, केंदूर, कान्हूर मेसाई या कोरड्या पट्ट्यात आपण ज्वारीवर वाढलो. भाकरी चांगलीच आहे. पण नुसती भाकरी आणि मिरचीचा ठेचा यावर वर्षं काढली तर काय होतं, हे हैदराबादच्या पोषण प्रयोगशाळेत डॉ. गोपालन आणि डॉ. श्रीकांतिया यांनी 1960 मध्ये मांडलं. दख्खनच्या पठारावर फक्त ज्वारीवर राहणाऱ्या गरीब माणसांमध्ये त्यांना पेलाग्रा नावाचा आजार दिसला. नायसिन हे जीवनसत्त्व शरीराला कमी पडतं. मग जुलाब लागतात, आणि ऊन लागतं तेवढीच कातडी, म्हणजे हात, पाय आणि गळ्याभोवतीची, काळी पडून सोलते. माणूस चिडचिडा, विसराळू होतो. खूप दारू पिणाऱ्यांमध्ये हा आजार अजूनही सापडतो. घरात कुणाचे हात असे काळे पडून सोलत असतील आणि जुलाबही होत असतील तर उन्हाला दोष देऊन गप्प बसू नका. यावर उपाय भाकरी सोडण्याचा नव्हे. भाकरीबरोबर मटकी किंवा डाळ, शेंगदाणे, दूध, जमत असेल तर अंडं किंवा मासे हवेत.

म्हणूनच एका गोष्टीचा मला राग येतो. अंगावर काही उठलं की आधी बाईचं ताट कमी होतं. वांगं बंद, अंडं बंद, डाळ बंद. आधीच रक्त कमी, त्यात हे पथ्य. एखादा पदार्थ खाल्ल्यावर दर वेळी गांधी उठत असतील तर तेवढा पदार्थ टाळा. उगाच सगळं सोडू नका. आणि दुधाबरोबर मासे खाल्ल्याने कोड येतं हे खरं नाही. कोड खाण्याने होत नाही, शिवल्यानेही लागत नाही.

आजकाल मोबाईलवर आतड्यातल्या चांगल्या जिवाणूंबद्दल बरंच सांगतात. ही कल्पना नवी नाही. स्टोक्स आणि पिल्सबरी या अमेरिकेतल्या दोन त्वचारोगतज्ज्ञांनी 1930 मध्येच मनाचा ताण, आतड्यातले जिवाणू आणि कातडी यांचा संबंध मांडला होता. संशोधन अजून चालू आहे. ताज्या ताकात असे जिवाणू असतात. पालेभाजी, कडधान्य आणि कोंड्यासकट दळलेलं पीठ त्यांचं खाद्य असतं. हे खा, पोटाला चांगलं आहे. पण ताकाने मुलीच्या तोंडावरच्या पुटकुळ्या जातील असं सांगून मी तुम्हाला फसवणार नाही. महागड्या पुड्या विकणारे मात्र तसं सांगतात.

आता पोटाशी संबंध नसलेल्या खाजेबद्दल. गोल चट्टा, कडेला लाल आणि मध्ये साफ, म्हणजे गजकर्ण. ही बुरशी आहे. पोट साफ करून ती जात नाही. दुकानातल्या बऱ्याच मलमांत स्टेरॉइड मिसळलेलं असतं. दोन दिवसांत खाज थांबते, बुरशी आतून पसरत राहते, आणि महिन्याभरात चट्टा हातभर होतो. 2018 मध्ये सरकारने अशी अनेक मलमं डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली. तेव्हा चिठ्ठी नसेल तर मलम मागू नका. रात्री घरातल्या सगळ्यांनाच खाज येत असेल तर खरूज असू शकते. तिचं औषध सगळ्यांनी एकाच दिवशी लावावं लागतं. आणि काँग्रेस गवत उपटल्यावर पापण्या, मान, हात सुजून खाजत असतील तर ते गवताचंच काम. हे गवत भारतात 1950 च्या दशकात आपल्या पुण्यातच पहिल्यांदा नोंदलं गेलं. ते उघड्या हाताने उपटू नका.

एक खाज मात्र घरी थांबण्याची नाही. गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत तळहात-तळपाय रात्री खूप खाजतात आणि अंगावर पुरळ काहीच नसतं, तेव्हा यकृतात बिघाड झालेला असू शकतो. त्यात पोटातल्या बाळाला धोका असतो. सुनेने असं सांगितलं तर "पोट ताणलं की खाजतंच" म्हणू नका. त्याच दिवशी दवाखान्यात न्या आणि रक्त तपासून घ्या. डोळे पिवळे होऊन खाज येत असेल तरीही तसंच करा.

मग गटाने काय करायचं?

सगळ्यांनी मिळून उपकेंद्रात जाऊन हिमोग्लोबिन तपासून घ्या. 12 च्या खाली असेल, किंवा गरोदरपणी 11 च्या खाली, तर रक्त कमी आहे. लोहाच्या गोळीने शौचाला काळं होतं, घाबरू नका. गोळी चहाबरोबर घेऊ नका, लिंबूपाण्याबरोबर घ्या.

10 फेब्रुवारी हा राष्ट्रीय जंतनाशक दिन. 2015 पासून 1 ते 19 वयाच्या मुलांना अंगणवाडीत आणि शाळेत जंताची गोळी फुकट मिळते. त्या दिवशी मूल घरी ठेवू नका. तुम्हाला स्वतःला गोळी हवी असेल तर डॉक्टरांना विचारा, आणि गरोदर असाल तर पहिल्या तीन महिन्यांत ती घेऊ नका.

ओल्या रानात प्लॅस्टिकचे बंद बूट घाला. दोघी-तिघींनी मिळून घाऊक घेतले तर स्वस्त पडतात. आणि ज्या शेतात आपण खुरपतो, तिथे उघड्यावर शौचाला बसायचं नाही असा ठराव गटाच्या वहीत लिहा. मजुरांसाठी शेताजवळ संडास हवा, हे मालकाला एकटीने सांगणं अवघड जातं. दहा जणींनी सांगितलं तर ऐकावं लागतं.

त्या ताईंचं हिमोग्लोबिन 8 निघालं. डॉक्टरांनी जंताची गोळी आणि लोहाच्या गोळ्या दिल्या. पुढच्या बैठकीत त्या म्हणाल्या, "मॅडम, जिना चढताना आता धाप लागत नाही." ती बाटली त्यांनी परत केली होती, पण दुकानदाराने पैसे काही दिले नाहीत. तेवढ्यात त्यांचे बूट आले असते.